इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षासाठी लॅपटॉप: ४५ हजारांत काय घ्यावं?

ओटीवरची
नमस्कार मंडळी. लेकीला कॅप राउंडमधून पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. आम्ही बार्शीचे. या महिन्यात भिशी उचलली, त्यातले ४५ हजार लॅपटॉपसाठी बाजूला ठेवलेत. फार तर दोन-तीन हजार वर जातील. फी, हॉस्टेल, मेसचं डिपॉझिट सगळं एकदमच आलंय, त्यामुळे त्यापुढे हात पोचणार नाही.

इथल्या दुकानात दोन दाखवले. एक आय३ प्रोसेसरचा, ८ जीबी रॅम. दुसरा रायझन ५, १६ जीबी रॅम. दोन्हींत ५१२ जीबी एसएसडी, किमतीही जवळपास सारख्या. दुकानदार म्हणतो रायझन ५ म्हणजे आय५च्या तोडीचा, डोळे झाकून घ्या. ओळखीतला एक सीनियर मुलगा म्हणतो की आय७ आणि ग्राफिक्स कार्ड नसेल तर कॉम्प्युटरवाल्यांचं काही खरं नाही. ते आम्हाला झेपणारं नाही. भाऊ म्हणतो जुना रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) घे, निम्म्यात काम होईल.

चार वर्षं टिकला पाहिजे, मध्येच दुसरा घेणं जमणार नाही. काय करावं?

जुनाखिळा
ताई, आधी लेकीचं अभिनंदन! नुसत्या ‘आय३’ आणि ‘रायझन ५’वरून काहीच कळत नाही. पुढचा आकडा काय आहे ते कोटेशनवर बघून सांगाल का?

विदिशा_क
अभिनंदन ताई. ग्राफिक्स कार्डाचं डोक्यातून काढून टाका. मी कॉम्प्युटरच केलंय. चार वर्षांत ते लागेल असं एकही प्रॅक्टिकल आम्हाला नव्हतं. मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टला लागलं तेव्हा गूगल कोलॅब या ऑनलाइन सोयीवर फुकट मिळणारा जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) वापरला. वर ग्राफिक्सवाले लॅपटॉप जड, चार्जर त्याहून जड, आणि लेक्चरमध्ये बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा पुरत नाही.

ओटीवरची
जुनाखिळा, बघितलं. एकावर आय३ १२१५यू आणि दुसऱ्यावर रायझन ५ ७५२०यू असं लिहिलंय.

जुनाखिळा
वाटलंच होतं. हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच बरेच पालक फसतात.

रायझनच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा बघायचा. आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते तो सांगतो. ७५२०मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २. ही रचना २०१९मधली. ७५३०मध्ये तो ३, म्हणजे झेन ३. दोन्हींवर ‘रायझन ५’चंच स्टिकर असतं, पण ७५२०यूला ४ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत आणि ७५३०यूला ६. पहिला आकडा ७ बघून माणसाला वाटतं माल अगदी नवा आहे. म्हणून ‘आय५च्या तोडीचा’ हे दुकानदाराचं म्हणणं ७५२०यूच्या बाबतीत मला पटत नाही.

आय३ १२१५यू हा २०२२चा, बाराव्या पिढीचा. त्यात २ मोठे आणि ४ छोटे असे ६ कोअर. एका वेळी एकच काम रेटायचं असेल तेव्हा, म्हणजे प्रोग्रॅम कंपाइल करताना, पानं उघडताना, तो ७५२०यूपेक्षा चपळ आहे.

आता रॅम. ७५२०यूच्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डावरच सोल्डर केलेली (डाग देऊन कायमची जोडलेली) असते. १६ आहे ती शेवटपर्यंत १६च. आय३वाल्यात बऱ्याचदा रॅमचा एखादा स्लॉट (खाच) मोकळा असतो, पण तो मॉडेलवर अवलंबून, गृहीत धरू नका. दुकानात लॅपटॉप चालू करायला लावा, टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर जा. खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसेल. ‘१ ऑफ २’ असेल तर उत्तम. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ आलं तर रॅम सोल्डर केलेली. त्याने शंका फिटली नाही तर कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पूर्ण माहितीपत्रक असतं, त्यात स्लॉट किती ते लिहिलेलं असतं.

माझं मत: प्रोसेसर, स्क्रीन आणि कीबोर्ड यांवर पैसे घाला, कारण ते नंतर सहजासहजी बदलता येत नाहीत. रॅम आणि एसएसडी वाढवता येत असेल तर आज कमी चालेल.

तिसरी_घंटा
जुनाखिळा, प्रोसेसरचं सगळं मान्य, शेवटचं वाक्य मान्य नाही. ‘रॅम नंतर वाढवू’ हा सल्ला दोन वर्षांपूर्वीपर्यंत ठीक होता. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव कसे चढलेत बघा. एआयच्या डेटा सेंटर्सकडे मेमरी ओढली जातेय आणि त्याची झळ आपल्याला बसतेय. एका वेळी ४५ हजार जमवायला भिशी लागली, त्या घराला पुढच्या वर्षी रॅमचे पैसे वेगळे काढणं सोपं आहे का?

८ जीबीत विंडोज ११ चालू झाल्या झाल्या निम्मी रॅम खाऊन बसतं. त्यावर क्रोमच्या दहा टॅब, व्हीएस कोड आणि एक मीटिंग. झालं, लागला अडखळायला. माझ्या मते १६ जीबी आजच हवी. त्या हिशेबाने तो ७५२०यूसुद्धा टाकाऊ नाही.

जुनाखिळा
भावांचा मुद्दा बरोबर आहे. मग दोन्हींच्या मधला मार्ग काढू. ताई, दुकानदाराला विचारा, आय३च्या मोकळ्या स्लॉटमध्ये आजच ८ जीबी रॅमची काडी घालून काय घेणार. दोन काड्या झाल्या की ड्युअल चॅनलही होतं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी वापरल्या जातात, आणि आतलं साधं ग्राफिक्स रॅमवरच चालत असल्यामुळे त्याचा वेगही चांगलाच वाढतो. फक्त ती काडी घातल्याने वॉरंटीला बाधा येत नाही, हे कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून पक्कं करा.

कोरडवाहू
लॅपटॉप पहिल्या वर्षी घेऊच नका असं माझं म्हणणं. पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच. गणित, फिजिक्स, इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या शीट. सी किंवा पायथॉनची प्रॅक्टिकल्स कॉलेजच्या लॅबमध्ये होतात. थांबलात तर दिवाळीच्या सेलमध्ये त्याच पैशात सरस मशीन मिळेल.

पाटपाणी
कोरडवाहू, मी डिप्लोमाला शिकवतो, म्हणून याला मनापासून विरोध करतो.

लॅबमधला तास दोनच तासांचा. त्यात हजेरी, मागच्या वेळचं जर्नल तपासणं, आणि एखाद-दुसरं मशीन बंद, म्हणून दोघांत एक. ज्या मुलांकडे घरी काही नसतं ती पोरं सी-चा प्रोग्रॅम मोबाइलवर टाइप करतात. मी शेजारी उभं राहून बघितलंय. महिरपी कंस शोधायला कीबोर्डची पानं उलटायची, एक सेमिकोलन राहिला की छोट्या स्क्रीनवर एरर नक्की कुठे आहे ते दिसत नाही. दहा ओळींचा प्रोग्रॅम निभतो, पन्नास ओळींचा नाही. मग मुलं पाठ करून येतात. खेड्यातून आलेली, डोक्याने तल्लख मुलं केवळ सराव नाही म्हणून मागे पडताना बघणं फार वाईट वाटतं.

घरी लॅपटॉप असलेली मुलं पहिल्या सत्रातच चुकतमाकत पुढे निघून जातात. हा फरक दुसऱ्या वर्षी भरून काढता येतो, पण त्याची किंमत तोवर मुलांच्या आत्मविश्वासाने चुकवलेली असते. ताई, साधा का होईना, पण कॉलेज सुरू होताना तिच्या हातात द्या.

विदिशा_क
पाटपाणी सर, पूर्ण सहमत. शिवाय मुलीचं हॉस्टेल. लॅब संध्याकाळी बंद, आणि बऱ्याच हॉस्टेलांचं गेट लवकर लागतं. रात्री अभ्यासाला स्वतःचं मशीन हवंच.

कोरडवाहू
सर, मोबाइलवर टाइप करणाऱ्या मुलांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. विरोध मागे घेतो.

रुळावरून
भावाचा सल्ला एवढा झटकू नका. रिफर्बिश्डमध्ये कंपन्यांनी वापरलेले बिझनेस लॅपटॉप येतात. थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५. आठव्या पिढीचे आय५, दणकट बांधा, सुरेख कीबोर्ड, रॅम-एसएसडी उघडून बदलता येते. मी टी४८० वापरतो. त्याला आत एक आणि बाहेरून काढता येणारी एक अशा दोन बॅटऱ्या असतात.

पण आठव्या पिढीच्या खाली चुकूनही जाऊ नका. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर तपासणी चुकवून ११ टाकून विकणारे दुकानदार आहेत. चालतं तेव्हा छान चालतं, पण पुढची अपडेट्स मिळतीलच याची खात्री मायक्रोसॉफ्ट देत नाही.

ओटीवरची
रुळावरून, जुना घेताना दुकानात नेमकं काय बघायचं? मला यातलं काही कळत नाही, लेकीलाही थोडंच.

रुळावरून
ताई, अर्धा तास हाताशी ठेवून जा आणि दुकानदाराची घाई मनावर घेऊ नका.

सगळ्यात आधी स्क्रीन धरून झाकण हळूहळू उघडा-मिटा. बिजागरी करकरली किंवा कोपऱ्यात प्लास्टिक उचललं गेलं तर तिथूनच परत फिरा. मग नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबा. स्पेसबार मध्यावर आणि दोन्ही टोकांना वेगवेगळा दाबून बघा. पांढरं पान पूर्ण स्क्रीनभर करा, म्हणजे पिवळट डाग, रेघा दिसतात. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घाला, कॅमेरा आणि माइक चालू करून स्वतःला रेकॉर्ड करा. मशीन पालथं करून स्क्रू बघा. माथे झिजलेले असतील तर ते बऱ्याचदा उघडलं गेलंय.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, आणि त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करायचं. एक फाइल तयार होते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे नवीन असतानाची क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च धरूनच भाव करा. शेवटी मशीन बंद करून चालू करा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जा. तिथे पासवर्ड मागितला तर ते मशीन घेऊ नका, मग दुकानदार काहीही सांगो.

गडकोट_फिरस्ता
बॅटरी रिपोर्ट नव्या लॅपटॉपवरही काढा! माझ्या भाच्याला एका दुकानाने काउंटरवर शोला ठेवलेला पीस ‘नवा’ म्हणून दिला होता. रिपोर्टमध्ये आधीच्या कित्येक आठवड्यांचा वापर दिसला. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर वॉरंटीही आधीच सुरू झालेली. दाखवल्यावर दुकानदाराने मुकाट्याने सीलबंद खोका काढून दिला.

शाईपेन
मी तालुक्याच्या गावी राहते, म्हणून रिफर्बिश्डबद्दल वेगळं सांगते. पुण्या-मुंबईत ठीक आहे, बिघडला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुटा भाग मिळतो. आमच्याकडे २०१८चं मशीन कोण उघडणार? दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी म्हणजे दुकान उघडं असेपर्यंतची वॉरंटी. चार वर्षं टिकवायचा आहे आणि दुसरा घेणं नाही, असं ताई स्वतः म्हणतायत. आठ वर्षं झालेल्या मशीनवर आणखी चार वर्षांचा भार का टाकायचा? नवाच घ्या, आणि ऑनसाइट वॉरंटी (कंपनीचा माणूस घरी येतो ती) आहे का ते विचारा. कॅरी-इन असेल तर मशीन घेऊन सर्व्हिस सेंटरला जावं लागतं.

रुळावरून
चार वर्षांच्या अटीचा मुद्दा रास्त आहे. ज्यांचं बजेट पंचवीस हजारांच्या आसपास आहे त्यांना मात्र मी सेलेरॉन या कमी ताकदीच्या प्रोसेसरच्या नव्या मशीनपेक्षा जुना आय५च सांगेन. त्या स्वस्त नव्या मशीनमध्ये बऱ्याचदा ४ जीबी रॅम आणि एसएसडीऐवजी ६४ जीबी ईएमएमसी (तिच्यापेक्षा मंद साठवण) असते. ते विद्यार्थ्याच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

धोपटमार्ग
व्हॉट्सॲपवर ‘एआयसीटीई वन स्टुडंट वन लॅपटॉप योजना’ फिरतेय, फॉर्म भरा म्हणे. कोणी भरलाय का?

पाटपाणी
भरू नका! ती खोटी आहे. एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) स्वतः आणि केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकनेही तसं स्पष्ट केलंय. त्या लिंकवर आधार आणि बँकेची माहिती मागतात. ज्या गटात आलंय तिथेही सांगा.

खरी मदत हवी असेल तर वेगळी वाट आहे. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीच्या तयारीसाठी टॅब देते. ताईंच्या मुलीच्या उपयोगाचं नाही, पण कोणाची धाकटी भावंडं अकरावीला असतील तर चौकशी करा.

खातेपुस्तक
मी बँकेत आहे. शैक्षणिक कर्ज घेत असाल तर एक लक्षात ठेवा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रमाला गरजेचा असेल तर वाजवी किमतीचा कॉम्प्युटरही खर्चात धरता येतो. पालक अर्जात फक्त फी आणि हॉस्टेल लिहितात आणि लॅपटॉप क्रेडिट कार्डावर महाग व्याजाने घेतात. अर्ज करतानाच दुकानाचं कोटेशन जोडा.

‘नो कॉस्ट ईएमआय’चंही सांगते. व्याजाइतकी सूट आधी दिलेली असते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. रक्कम फार मोठी नसते, तरी विचारून घ्या.

राईनकाठ
मी जर्मनीत असतो. भाचीसाठी इथून आणावा का? १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय आणता येतो ना?

जुनाखिळा
आणता येतो. पण तिकडच्या कीबोर्डावर वाय आणि झेडची अदलाबदल असते, आणि महिरपी कंसासाठी दोन कळा एकत्र दाबाव्या लागतात. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलीला तो त्रास देऊ नका. वॉरंटीही सगळ्या मॉडेलांना भारतात चालत नाही. त्यापेक्षा भाचीला पैसे पाठवा, ती इथेच घेईल.

कोरडवाहू
मॅकबुक एअर एम१ चा विचार? सेकंडहँड बजेटात बसतो. बॅटरी दिवसभर.

विदिशा_क
कॉम्प्युटर शाखेला चालेल. मेकॅनिकल, सिव्हिलला नको. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण सॉलिडवर्क्स, रेव्हिट फक्त विंडोजवर. आणि त्यात रॅम, एसएसडी दोन्ही कायमची जोडलेली, ८ची १६ कधीच होणार नाही.

ताई, आणखी एक. खरेदीच्या वेळी दुकानदार अँटिव्हायरस आणि ऑफिस गळ्यात मारेल. विंडोजमध्ये डिफेंडर आधीच असतो, तो विद्यार्थ्याला पुरतो. बऱ्याच कॉलेजांच्या ईमेल आयडीवर ऑफिसची वेब आवृत्ती फुकट मिळते, नाहीतर लिब्रेऑफिस आहेच. तेच दोन-तीन हजार रॅमकडे वळवा. आणि ‘डॉस’वाला लॅपटॉप स्वस्त दिसतो तो त्यात विंडोज नसतं म्हणून. दुकानदार चोरीचं टाकून देतो, तसला घेऊ नका.

शाईपेन
स्क्रीनचं कोणी बोललंच नाही. स्क्रीन टीएन प्रकारची असेल तर जरा बाजूने बघितलं की रंग उडतात, आयपीएस प्रकारची मागा. मुलं रोज तासन् तास त्यात डोळे घालून बसणार आहेत. १,९२० बाय १,०८० पेक्षा कमी नको.

ओटीवरची
सगळ्यांचे मनापासून आभार. किती आपुलकीने लिहिलंत. झालं ते सांगते.

लेकीने तुमचे सगळे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले आणि आम्ही दुकानात गेलो. आय३ १२१५यूवर टास्क मॅनेजर तिनेच उघडला. ‘१ ऑफ २’ आलं. दुकानदाराने आधी म्हटलं, रॅम घालून देत नाही. मग आम्ही अँटिव्हायरस आणि ऑफिस नको म्हटल्यावर तयार झाला. कस्टमर केअरला तिथूनच फोन लावला. रॅम वाढवल्याने वॉरंटी जात नाही, पण घातलेल्या काडीची जबाबदारी त्यांची नाही, तिची वॉरंटी वेगळी, असं सांगितलं. म्हणून काडीचं बिल वेगळं घेतलं. १६ जीबी, ५१२ एसएसडी, आयपीएस स्क्रीन, सगळं मिळून ४७,८०० झाले. सीलबंद खोका आमच्यासमोर फोडला, बॅटरी रिपोर्ट काढला, जुना वापर काही दिसला नाही. वॉरंटी एक वर्ष ऑनसाइट आहे.

ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून ती जरा हिरमुसली होती, पण कोलॅबचं वाचून आता तेच उघडून बसलीय.

जुनाखिळा
उत्तम खरेदी, ताई! बिलावर सीरियल नंबर आहे ना तेवढं बघा आणि दोन्ही बिलांचे फोटो काढून ईमेलवर ठेवा. थर्मल पेपरवरची अक्षरं काही काळाने पुसट होतात, आणि वॉरंटीच्या वेळी बिलच मागतात.

तिसरी_घंटा
१६ जीबी झाली, मी खूश. आता सगळा अभ्यास गूगल ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवरही ठेवायला सांगा. सबमिशनच्या आदल्या रात्री एसएसडी गेलेली मुलं रडताना बघितलीत.

धोपटमार्ग
माझा मुलगा बी.कॉम.ला आहे. त्यालाही हाच घेऊ का? टॅली, एक्सेल, एवढंच लागतं.

रुळावरून
त्याला एवढा नको. टॅली आणि एक्सेलला आठव्या पिढीचा आय५, ८ जीबीवाला रिफर्बिश्ड व्यवस्थित पुरेल. लॅटिट्यूड ५४९० बघा, रॅमला दोन स्लॉट आहेत. वर मी लिहिलेली तपासणी करून घ्या. आणि पंधरा इंची मिळाला तर त्यातला वेगळा आकडे-कीपॅड टॅलीवाल्यांना फार कामाला येतो, त्यासाठी ५५९० विचारा.